जेवणानंतरचा आकडा

सान्वी बुगडला घरातून उचलून बालगृहात ठेवावं, असं सांगणाऱ्या अहवालाखाली सही माझी आहे. ती आता खोडता येत नाही. मी विचारून पाहिलं.

मी उज्ज्वला टोणपे, शिरगुंडीच्या सात नंबर शाळेत दुसरीच्या वर्गाला शिकवते. शिरगुंडी म्हणजे मागांचं गाव. शाळेच्या दोन्ही बाजूंना शेड आहेत आणि पाढे म्हणून घ्यायचे तर मागांच्या वर आवाज चढवावा लागतो. दोन वर्षांपूर्वी अन्नछाया प्रतिष्ठान नावाच्या संस्थेनं तालुक्यातल्या सगळ्या शाळांना एकेक यंत्र दिलं. रसायनशास्त्रात बी.एस्सी. झालेली शाळेत मी एकटीच, म्हणून ते माझ्या गळ्यात पडलं. तसं मला ते आवडलंच होतं, हेही सांगायला हवं.

यंत्राचं कागदोपत्री नाव लांबलचक होतं. मुलं त्याला ‘फुंकर’ म्हणायची. साबणाच्या वडीएवढा डबा आणि त्याला कागदाची नळी. मुलानं नळीत सगळा श्वास सोडायचा. चार सेकंदांत दिवा लागायचा. हिरवा म्हणजे मूल जेवून आलंय, पिवळा म्हणजे अर्धपोटी, लाल म्हणजे उपाशी.

पालकसभेत मी हे समजावून सांगायचे. आपलं शरीर मुख्यतः साखरेवर चालतं. भाकरी, भात, केळं, काहीही खाल्लं तरी त्याची साखर होऊन ती रक्तात उतरते. जेवण मिळालंच नाही, तर साठवलेली साखर दिवसाभरात संपत येते. मग यकृत चरबी फोडायला घेतं आणि तिच्यापासून दुसरं इंधन तयार करतं, त्याला कीटोन म्हणतात. ही तीन भावंडं. पहिलं ॲसिटोॲसिटेट. त्याच्यापासून तयार होणारं दुसरं बीटा-हायड्रॉक्सिब्युटिरेट. हे मोठं गमतीचं आहे, कारण रसायनशास्त्राच्या व्याख्येत ते कीटोन बसतच नाही, नुसतं घराण्याचं नाव लावतं. पण उपवासात मेंदूला आणि हृदयाला पोसायचं बहुतेक काम तेच करतं. तिसरं ॲसिटोन. ते शरीराच्या फारसं कामाचं नाही. हलकं, उडून जाणारं, म्हणून फुप्फुसांतून श्वासावाटे बाहेर पडतं. नेलपॉलिश पुसायच्या द्रवाचा जो वास येतो, तो त्याचाच. फुंकर तेच मोजते.

“तोंड खोटं बोलेल,” मी शेवटी म्हणायचे, “श्वास बोलणार नाही.” टाळ्या पडायच्या.

आणि यंत्रानं काम केलंही होतं. पहिल्याच वर्षी चौथीतली एक मुलगी रोज “जेवून आले” म्हणायची आणि रोज दिवा लाल लागायचा. चौकशी केली तर आई महिनाभर इस्पितळात, बाप परागंदा, आणि ही धाकट्या बहिणीला भरवून स्वतः तशीच येत होती. शेजारणींनी पाळ्या लावून घेतल्या. आठवड्याभरात तिचा दिवा हिरवा झाला. त्या दिवसापासून फुंकरीवर माझा स्वतःच्या डोळ्यांपेक्षा जास्त विश्वास बसला.

मोजणी दिवसातून दोनदा व्हायची. सकाळी प्रार्थनेनंतर, आणि दुपारी शाळेतली खिचडी खाऊन झाल्यावर. दुपारची मोजणी प्रतिष्ठानाच्या वार्षिक अहवालासाठी होती. आपल्या खिचडीनं आकडा किती उतरतो ते त्यांना छापायचं असे. आम्हाला पडद्यावर फक्त दिव्याचा रंग दिसायचा. आकडे आत नोंदीत जमा व्हायचे. पाहायचे म्हटलं तर दिसायचे. कोणी पाहत नव्हतं. मीही नाही.

*

सान्वी सात वर्षांची. जूनमध्ये शाळा सुरू झाली तेव्हा गोबऱ्या गालांची होती. ऑगस्टमध्ये तिच्या स्कर्टाला आतून नाडी घातलेली दिसायला लागली. वर्गात तिचं लक्ष नसे. दर दहा मिनिटांनी पाण्याची बाटली तोंडाला, आणि दर पंधरा मिनिटांनी करंगळी वर. एका सोमवारी पाचव्यांदा करंगळी वर झाली तेव्हा मी “आता नाही, बस खाली” म्हणून दटावलं. तिनं बाकावरच केली. सगळा वर्ग हसला. मीही चिडले होते.

त्याच सोमवारी तिचा दिवा लाल लागला. मंगळवारी लाल. बुधवारी लाल. यंत्राच्या नियमाप्रमाणे आता पालकांना बोलवायचं होतं.

बाप सुहास बुगड ट्रकवर. कापडाच्या गाठी घेऊन पंधरा-पंधरा दिवस परराज्यात. आली ती मयूरी. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची, शेडमध्ये कापड तपासायचं काम करणारी. ओढणीला सुताचे धागे चिकटलेले होते. सान्वीची सख्खी आई ती तीन वर्षांची असताना गेली आणि दोन वर्षांपूर्वी सुहासनं मयूरीशी लग्न केलं, एवढं मला ठाऊक होतं. एवढ्यावरच माझं निम्मं मत झालेलं होतं.

“सकाळी काय दिलं होतं सान्वीला?” मी विचारलं.

“दोन भाकरी खाल्ल्या की बाई. आमटी. वर एक केळं. अजून मागत होती.”

“यंत्र सांगतंय ती उपाशी आहे.”

“यंत्राला काय ठाऊक?” ती पटकन बोलली, आणि मग जीभ चावल्यासारखं करून आवाज खाली आणला. “बाई, ती माझ्यापेक्षा जास्त खाती हो. खाती नि वाळत चाललीय. पाणी तर कळशीच्या कळशी पिती. रोज अंथरूण ओलं करती, सात वर्षांची पोरगी. आणि परवा मोरीत केलं तिथं मुंग्या लागल्या. रांगच लागली. मला कसंसंच झालं. डॉक्टरांकडं नेलं तर त्यांनी जंताचं औषध दिलं.”

हे सगळं तिनं एका दमात सांगितलं. मला ते पाठ करून आल्यासारखं वाटलं. मुंग्यांचं तर मला चक्क बनावट वाटलं. इतका बारीक तपशील माणूस खोटं खपवायलाच घालतो, असं मी मनात म्हटलं. मी रसायनशास्त्र शिकलेली बाई. मुंग्या कशाला लागतात, हे मला तिसरीतल्या मुलानं विचारलं असतं तरी सांगता आलं असतं.

मी सान्वीला बाजूला घेतलं. “खरं सांग, आई जेवायला देते का?”

“देती,” ती म्हणाली.

“भीती वाटते का आईची?”

तिनं पाण्याची बाटली तोंडाला लावली. तिच्या तोंडाला पिकून काळ्या पडलेल्या केळ्यासारखा गोडूस वास येत होता. मी तो ओळखला. ॲसिटोन. उपाशी पोटाचा वास, असं मी स्वतःला सांगितलं.

अहवालाच्या नमुन्यात शिक्षकाच्या अभिप्रायासाठी दोन ओळींची जागा असते. मी लिहिलं : ‘सावत्र आईकडून उपासमार.’ मग थोडं थांबून ‘उपासमार’च्या आधी वर एक शब्द चढवला : ‘जाणीवपूर्वक’.

*

पुढचं फार भराभर झालं. बालकल्याण समितीच्या डॉक्टरांनी सान्वीचं वजन घेतलं, डोळे पाहिले आणि ‘लक्षणे उपासमारीशी जुळणारी’ असं लिहून दिलं. माझा अहवाल त्यांच्यापुढे होताच. रक्त कोणी तपासलं नाही. कारण सापडलेलं असताना कारण शोधायचं कशाला?

सुहास फोनवरून कळल्यावर गाडी दुसऱ्याच्या हवाली करून आला. मी त्याला नोंदी दाखवल्या. एकाखाली एक लाल ठिपके, बारा दिवसांचे. तो मोठा माणूस माझ्यासमोर लहान मुलांच्या बाकावर बसला आणि बराच वेळ त्या ठिपक्यांकडे पाहत राहिला.

“मयूरी माझ्याशी फोनवर रोज बोलायची,” तो म्हणाला. “आज हे केलं, ते केलं, पोरीनं पोटभर खाल्लं. रोज.” मग तो उठला आणि घरी गेला.

संध्याकाळी मी बालगृहाच्या गाडीबरोबर त्यांच्या गल्लीत गेले, तेव्हा मयूरीचे कपडे दारात एका चादरीत गुंडाळून ठेवलेले होते. अख्खी गल्ली बाहेर उभी होती. कोणीतरी म्हणालं, “दिसायला किती गरीब!” सान्वी गाडीत बसायला तयार नव्हती. तिनं मयूरीच्या कमरेला मिठी मारली होती आणि तिची बोटं सोडवायला दोन बायका लागल्या.

मयूरी रडत नव्हती. ती मला म्हणाली, “बाई, हिला पाणी लागतं सारखं. तिथं सांगा. पाणी मागितलं तर ओरडू नका म्हणावं.”

मी गाडीत बसले. गाडी निघाली.

*

बालगृह गावाबाहेर, साखर कारखान्याच्या रस्त्याला. तिथल्या बायका मायाळू होत्या. उपाशी ठेवलेलं पोर आलंय म्हटल्यावर त्यांनी काही कमी पडू दिलं नाही. सकाळी तुपातला शिरा, मधल्या वेळेला राजगिऱ्याचे लाडू, दुपारी पोळी-गूळ, संध्याकाळी उसाचा रस. दुसऱ्या दिवशी मीही खजुराचे लाडू करून नेले आणि एक तिला माझ्या हातानं भरवला. ती हळूहळू चावत होती. म्हणाली, “बाई, पोट दुखतंय.”

“रिकाम्या पोटाला सवय राहिली नाही ना,” मी म्हटलं. “होईल बरं.”

फाटकाबाहेर कडुलिंबाखाली मयूरी बसली होती. पहिल्या दिवसापासून ती तिथंच होती. मी येता-जाता मान वळवून घेत होते.

तिसऱ्या दिवशी, शुक्रवारी, शाळा सुटल्यावर मी गेले, तेव्हा अधीक्षिका दारातच भेटल्या. त्यांच्याकडेही फुंकर होती. “बघा बाई,” त्या हळहळून म्हणाल्या, “तीन दिवस चारतोय, तरी दिवा लालच. किती दिवसांची उपाशी असेल पोर!”

मी पायरीवर पाय ठेवला होता. तो तिथंच राहिला.

तीन दिवस शिरा आणि लाडू खाल्लेल्या मुलाच्या श्वासात ॲसिटोन असायचं कारणच नव्हतं. साखर मिळाली की यकृत कीटोन बनवणं थांबवतं. त्याला आठवडा लागत नाही, काही तास पुरतात. चौथीतल्या त्या मुलीचा सकाळचा लाल दिवा खिचडीनंतर पिवळा व्हायचा, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं.

मी अधीक्षिकांच्या हातातून यंत्र घेतलं आणि पहिल्यांदाच आतली नोंद उघडली. सान्वी बुगड. दोन रकाने होते. जेवणापूर्वी, जेवणानंतर. बुधवार : एकसष्ट, चौसष्ट. गुरुवार : त्र्याहत्तर, एकोणऐंशी. शुक्रवार : अठ्ठ्याऐंशी, आणि पुढे आकड्याऐवजी नुसती रेघ. मोजपट्टी संपली होती.

मी खाली खाली सरकवत गेले. नोंद मुलाच्या नावावर चालते, यंत्र कोणतंही असो; शाळेतले दिवस आले. पहिला सोमवार, मंगळवार, बुधवार. प्रत्येक दिवशी जेवणानंतरचा आकडा आधीच्यापेक्षा मोठा होता. मी ज्याच्या आधारे सही केली, त्याच नोंदीत, त्याच ओळीत, लाल ठिपक्याच्या शेजारी ते लिहिलेलं होतं.

आणि मग मला मुंग्या आठवल्या.

मी आत धावले. सान्वी कॉटवर पडली होती. दम लागल्यासारखा श्वास चालला होता, खोल, जोरजोरात, न थांबता, जसं कोणी भाता ओढतंय. खोलीभर तो पिकलेल्या फळांचा वास. “सान्वी,” मी हाक मारली. तिनं डोळे उघडले, माझ्याकडे पाहिलं आणि मला ओळखलं नाही.

तिला उचलून मी फाटकाबाहेर आले. मयूरी उठून उभी राहिली. तिनं मूल माझ्या हातांतून घेतलं. समोरून येणारी रिक्षा अधीक्षिकांनी थांबवली.

*

इस्पितळात डॉ. शबाना मुजावर ड्यूटीवर होत्या. पस्तिशीच्या, चटपटीत. त्यांनी सान्वीच्या तोंडाशी वाकून वास घेतला आणि मागे न बघताच म्हणाल्या, “शुगर बघा, आत्ता.” बोटाला टोचलं. छोट्या मीटरनं आकडा दाखवायलाच नकार दिला. साखर त्याच्या मापाबाहेर होती.

“तहान कधीपासून?” त्यांनी मला विचारलं.

मला सांगता येईना. मयूरी म्हणाली, “बावीस दिवस झाले. नागपंचमीच्या दुसऱ्या दिवसापासून. अंथरुणात त्याच्यानंतर तीन दिवसांनी. भूक आधीपासून वाढली होती.”

“तुम्ही आई?”

“हो.”

“आणि गेल्या दोन-तीन दिवसांत गोड काय काय दिलंत?”

मयूरी माझ्याकडे पाहू लागली. मी शिरा, लाडू, उसाचा रस असं एकेक सांगत गेले. डॉक्टरांचा चेहरा पाहून शेवटचा शब्द, खजूर, माझ्या तोंडातून नीट बाहेर पडलाच नाही.

सलाईन लागलं, त्यातून थेंब थेंब इन्सुलिन. मग त्या आम्हा दोघींना बाहेर घेऊन आल्या.

“हिला मधुमेह आहे. लहान मुलांना होतो तो. साखर रक्तातून पेशींत शिरायला इन्सुलिन लागतं, आणि हिच्या शरीरात ते तयार व्हायचंच थांबलंय. म्हणून रक्तात साखर उतू चाललीय आणि पेशी कोरड्या. यकृताला वाटतं, दुष्काळ पडला. ते कीटोन बनवत सुटतं. तुम्ही-आम्ही उपास करतो तेव्हा थोडंसं इन्सुलिन लगाम धरून असतं, म्हणून कीटोन अन्नासारखे उपयोगी पडतात. हिच्यात लगामच नाही. त्यांतली दोन आम्लं आहेत. ती साचत जाऊन रक्त आंबट होतं. तो दम नव्हे, शरीर आम्ल बाहेर टाकायला धडपडतंय.”

“म्हणजे यंत्र चुकलं नव्हतं,” मी म्हणाले.

“नाही. पोरगी उपाशीच होती. ताटात कितीही वाढलं असतं तरी उपाशी.” त्या मयूरीकडे वळल्या. “तुमची काही चूक नाही. कळलं ना?”

मयूरीनं मान हलवली. मग तिथंच, व्हरांड्यात, भिंतीला पाठ घासत ती खाली बसली आणि तिनं तोंडात ओढणी कोंबली. मी तिच्या खांद्यावर हात ठेवायला गेले. तिनं तो झटकला नाही. पण त्या खांद्यानं माझा हात घेतलाही नाही.

सान्वी दोन दिवस बेशुद्ध होती. तिसऱ्या दिवशी सकाळी तिनं डोळे उघडले आणि पाणी मागितलं.

*

यंत्राबरोबर आलेली पुस्तिका मी नंतर शोधून काढली. एकतिसाव्या पानावर, तळाशी, बारीक अक्षरांत एक ओळ होती : मधुमेह असलेल्या व्यक्तींसाठी हे मापन ग्राह्य धरू नये. पण मधुमेह आहे हे कळलेल्या मुलाला वाचवायला डॉक्टर असतात. न कळलेल्याचं काय, ते पुस्तिकेत नव्हतं.

सुहास आठवडाभर इस्पितळाच्या आवारात फिरत राहिला. आत यायची त्याची हिंमत होत नव्हती. शेवटी मयूरीच खाली गेली. काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. पण नर्सनं इंजेक्शन द्यायला शिकवलं, तेव्हा मयूरीनं सिरिंज आधी त्याच्या हातात दिली. “तू शिक. चार वेळा तू दे. मग घरी यायचं का नाही ते मी ठरवते.” त्यानं सिरिंज भरली. सान्वीनं त्याला पोटाची कोणती बाजू ते दाखवलं.

माझ्या चौकशीत काही निघालं नाही. मी नियमाप्रमाणे वागले होते. ‘जाणीवपूर्वक’ हा शब्द कोणत्या नियमात बसला, असं कोणी विचारलं नाही, आणि मला रात्रंदिवस तेच विचारलं जावंसं वाटत होतं.

तालुक्यातले फुंकर सांभाळणारे आम्ही त्रेपन्न शिक्षक फोनवर एका गटात आहोत. एका दुपारी मी त्यात लिहिलं : ‘जेवणानंतर आकडा वाढणारं मूल तुमच्या नोंदीत आहे का? दिवा पाहू नका, आकडे पाहा. असेल तर आजच रक्तातली साखर तपासून घ्या.’

बऱ्याच जणांनी ‘नाही’ म्हणून कळवलं. दोघांनी ‘बघतो’ म्हटलं. शाळा सुटायच्या सुमारास खडीमाळच्या एका गुरुजींचं उत्तर आलं. एकच शब्द.

‘होतं.’

मी तो वाचला, आणि फळ्यावर अर्धवट लिहिलेलं गणित तसंच सोडून खुर्चीत बसले.

*

त्रिशा शेळके, वय पाच, खडीमाळच्या शाळेच्या बालवर्गात. अकरा दिवस लाल. बाराव्या दिवशी घरीच दगावली. शवविच्छेदनात अंगावर चरबी नाही, पोटात अन्न थोडं. सोबत फुंकरीचा अहवाल. रक्तातली साखर कोणी पाहिली नव्हती, आणि गेल्यानंतर ती पाहूनही फारसं कळत नाही. त्यासाठी डोळ्याच्या आतला द्रव तपासावा लागतो, असं डॉ. मुजावर म्हणाल्या. पण यंत्रात अकरा दिवसांचे दोन्ही रकाने शाबूत होते. त्यांनी ते पाहिले. “कोर्टात मी सांगेन,” एवढंच म्हणाल्या.

आई दीपाली नऊ महिने तुरुंगात होती. तिनं दंडाधिकाऱ्यांसमोर गुन्हा कबूल केला होता.

तिच्या वकिलांनी भेटीची परवानगी काढली. मी जाणार म्हटल्यावर मयूरी म्हणाली, “मी पण येते. तुमचं एकटीचं ती कशाला ऐकेल?”

भेटीच्या खोलीत मध्ये लोखंडी जाळी होती. दीपाली पलीकडे येऊन बसली. मयूरीच्याच वयाची. केस अगदी बारीक कापलेले. मी जे सांगायचं ते सांगितलं : इन्सुलिन, रक्तातली साखर, दोन रकाने. जमेल तितक्या सोप्या शब्दांत. ती माझ्या तोंडाकडे पाहत ऐकत राहिली.

मग म्हणाली, “शेवटच्या दिवशी तिनं अजून एक भाकरी मागितली होती. आधीच दोन खाल्ल्या होत्या. उलटी होईल म्हणून मी दिली नाही. ती दिली असती तर?”

“तरी वाचली नसती,” मी म्हणाले. कोणाला दिलासा म्हणून असं वाक्य बोलावं लागेल, असं मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

“नक्की?”

“नक्की. डॉक्टरांनी सांगितलंय.”

तिनं ते वाक्य ओठांतल्या ओठांत एकदा म्हणून पाहिलं.

“पण मग तुम्ही कबूल का केलंत?” मी विचारलं. “मारलं का कोणी? धमकी दिली?”

“नाही हो. कोणी बोट लावलं नाही.” ती आश्चर्यानं म्हणाली. “ते ठिपके दाखवायचे. रोज लाल. पोलीस मॅडम चांगल्या होत्या, नीट समजावून सांगायच्या. श्वास खोटं बोलत नाही, गुरुजींनीच सांगितलंय म्हणायच्या. मला वाटलं, आपण अडाणी. आपल्याला पोट भरलं वाटतं, पण खरंच कमी पडत असंल. मशीन कशाला खोटं बोलंल? म्हणून म्हटलं, हो, मीच उपाशी ठेवलं.”

माझ्या पालकसभेतलं वाक्य. ते मी फक्त माझ्या शाळेत म्हणत होते असं नाही. प्रशिक्षणात मीच ते इतर शिक्षकांना दिलं होतं. सगळ्यांना आवडलं होतं. मी जाळीला धरलं.

मयूरी माझ्या शेजारी बसली होती. ती पुढे सरकली.

“मी पण चौथ्या दिवशी लिहून देणार होते, मीच उपाशी ठेवलं म्हणून,” ती म्हणाली. माझ्याशी नाही, दीपालीशी. “बालगृहाच्या फाटकाबाहेर बसून मी पण तेच करत होते. सोमवारी किती भाकरी दिल्या, मंगळवारी किती, मनात मोजत होते. पहिल्या दिवशी मोजल्या तर बरोबर आल्या. दुसऱ्या दिवशी एक कमी आली. तिसऱ्या दिवशी दोन.”

दीपाली तिच्याकडे टक लावून पाहत होती. मग तिनं अगदी हळू विचारलं, “तुला पण कमी यायला लागल्या?”

“रोज,” मयूरी म्हणाली. “रोज कमी.”